तंतोपंतांचं दुर्मिळ रक्त

तंतोपंत हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते जुने कागद सांभाळायचे, आणि कुठलाही कागद हातात आला की चष्मा कपाळावर सरकवून "तंतोतंत आहे ना?" असं विचारायचे. त्यामुळे कचेरीनं त्यांचं हे बारसं केलं होतं. आपल्याला चिडवलं जातंय हे पहिली दोन वर्षं त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात आलं तोवर नाव आवडायला लागलं होतं.

माणसाला अभिमान वाटायला काहीतरी लागतं. कुणाचा गळा गोड असतो, कुणाचा मामा मोठ्या हुद्द्यावर असतो. तंतोपंतांचं रक्त ओ निगेटिव्ह होतं. गळ्यातल्या ओळखपत्रावर तसं लाल अक्षरांत छापलेलं होतं. जिन्याजवळच्या फळ्यावर 'दुर्मिळ रक्तगटाचे कर्मचारी' अशी एक यादी होती, तिच्यात पहिलं नाव त्यांचं होतं. दुसरं नव्हतंच. हे रक्त त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. असलं रक्त उठसूट द्यायचं नसतं, आणीबाणीसाठी राखून ठेवायचं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा खरोखरच बोलावणं आलं होतं, पण नेमकी त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती.

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर त्यांच्या बायकोला दिवस गेले. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतंय, का आधी दिसत होतं?" असं विचारून विचारून तिच्या बोलण्यात एक शांतपणा आला होता. समोरचा माणूस कितीही चिडला तरी ती पुढची काच लावून बघायची.

डॉक्टरीणबाईंकडे पहिल्या तपासण्या झाल्या, आणि बायकोचं रक्त ए निगेटिव्ह निघालं. बाईंनी नवऱ्याचा गट विचारला. या प्रश्नाची तंतोपंत गेली पंधरा वर्षं वाट बघत होते. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, रुमालानं पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, हे खरं असेल तर उत्तमच. आईबाप दोघंही निगेटिव्ह असले की बाळही निगेटिव्ह, मग काळजीचं कारण नाही. पण बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळही तसं असू शकतं. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवतं. पहिलं बाळ बहुतेक वेळा सुखरूप येतं, पण ती तयारी पुढच्या बाळाला भोवते. तयारी होऊच नये म्हणून एक इंजेक्शन असतं. एक सातव्या महिन्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर दुसरं बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत.

"तेव्हा तुम्ही खालच्या प्रयोगशाळेत एकदा रक्त तपासून या," बाई म्हणाल्या.

तंतोपंतांनी ओळखपत्र बोटानं थोडं पुढे सरकवलं. त्यावर शिक्का होता, सही होती. बाईंनी तेच बोट धरून बाजूला केलं आणि म्हणाल्या की आपण ओळखपत्र बघून औषध देत नाही.

घरी येताना तंतोपंतांनी ओळखपत्र पुन्हा गळ्यात घातलं. पंधरा वर्षांची शिक्कामोर्तब झालेली नोंद आणि एका परक्या बाईचा संशय! रक्त तपासायला त्यांचा विरोध नव्हता, विरोध तत्त्वाला होता. तत्त्वासाठी त्यांनी तीन आठवडे काढले.

या तीन आठवड्यांत बातमी इमारतीत पोचली. समोरच्या काकूंनी 'रक्त जुळत नाही' एवढंच ऐकलं होतं. त्या संध्याकाळी हातातलं विणकाम घेऊनच आल्या आणि तंतोपंतांच्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या की संसार म्हटला की नाही जुळत, पण म्हणून टोकाचा विचार करायचा नाही. त्यांचं स्वतःचं काकांशी चौतीस वर्षं काही म्हणजे काही जुळलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे कंपाउंडरकाका जास्त शास्त्रीय होते. नवऱ्यानं महिनाभर बीटाचा रस घेतला की रक्त बायकोच्या रक्ताकडे झुकतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तंतोपंतांनी नऊ दिवस बीटाचा रस प्यायला. दहाव्या दिवशी बोलता बोलता कळलं की काका चाळीस वर्षं कंपाउंडर होते ते जनावरांच्या डॉक्टरकडे, आणि झुकलं होतं ते एका घोड्याचं रक्त. तेही कुठल्या बाजूला, हे काकांना नीट आठवत नव्हतं.

शेवटी बायको एका सकाळी म्हणाली, "अहो, तुमचं कार्ड बरोबर असेल तर रक्तही तेच सांगेल. मग भीती कसली?"

भीती हा शब्द तंतोपंतांना लागला. त्याच दिवशी ते दुपारची सुट्टी टाकून प्रयोगशाळेत गेले. तिथल्या तंत्रज्ञानं त्यांच्या बोटातून रक्त काढलं, काचेवर तीन थेंब ठेवले, थेंबांत औषधं मिसळली, काच हलवली आणि म्हणाला, बी पॉझिटिव्ह.

तंतोपंतांनी त्याला पुन्हा बघायला सांगितलं. त्यानं दुसऱ्या बोटातून रक्त काढलं. बी पॉझिटिव्ह. तंतोपंतांनी डाव्या हाताचा प्रस्ताव मांडला. तंत्रज्ञ सज्जन होता, त्यानं डाव्या हाताचंही काढलं. मग काच त्यांच्या डोळ्यांसमोर धरून दाखवलं की बघा, हा तिसरा थेंब असा दाण्यादाण्यांनी फाटलाय, रक्त निगेटिव्ह असतं तर तो फाटला नसता. आजवर एकदा जरी रक्तदान केलं असतं तरी हे कळलं असतं, असंही तो सहज म्हणून गेला. तंतोपंत तीन बोटांना कापूस लावून बाहेर आले आणि समोरच्या बाकावर बसले. बाजूला बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, फार वाईट निघालं का? तंतोपंत म्हणाले, "साधं निघालं."

डॉक्टरीणबाईंनी अहवाल बघितला, पण 'मी म्हटलं नव्हतं का' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यामुळे तंतोपंतांना आणखी वाईट वाटलं. बायकोच्या रक्तात अजून तसली तयारी झालेली नाही ना, याची तपासणी बाईंनी करून घेतली. ती स्वच्छ आली. सातव्या महिन्यात इंजेक्शन घ्यायचं, बस. बाळाला धोका नाही. बायको निर्धास्त झाली आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात जायला लागली. इमारतीत मात्र 'तंतोपंत पॉझिटिव्ह निघाले' ही बातमी फिरली, आणि आठवडाभर जिन्यात लोक त्यांना पाहून भिंतीला चिकटून उभे राहू लागले. समोरच्या काकूंनी तर विणकामाच्या सुयांनीच त्यांना लांब राहायची खूण केली.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण ओळखपत्रावर अजून ओ निगेटिव्ह छापलेलं होतं, आणि चुकीची नोंद गळ्यात घालून फिरणं तंतोपंतांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज केला. अधीक्षकांनी अर्ज दोनदा वाचला आणि सांगितलं की रक्तगट हा सेवेत रुजू होतानाच्या नोंदींचा भाग आहे. त्या नोंदी बदलता येत नाहीत. फार तर शेरा मारता येतो. पंधरा दिवसांनी नवं ओळखपत्र आलं. त्यावर छापलं होतं: 'रक्तगट: ओ निगेटिव्ह (धारकाच्या मते बी पॉझिटिव्ह)'.

आता मूळ कागद काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मूळ कागदात चूक करणारा महाभाग सापडला की त्याच्या नावासकट अधीक्षकांच्या टेबलावर ठेवायचा, असा तंतोपंतांचा बेत होता. त्यांनी जुन्या गठ्ठ्यांच्या खोलीत दोन दुपारी घालवल्या. पंधरा वर्षांपूर्वी कचेरीत रक्ततपासणी झाली होती. प्रयोगशाळेनं पाठवलेली यादी सापडली. तिच्यावरून कचेरीच्या वहीत उतरवलेली यादीही सापडली. प्रयोगशाळेच्या यादीत सव्विसावा माणूस त्या दिवशी रजेवर होता, त्याच्यापुढची जागा कोरी होती. वहीत उतरवणाऱ्यानं ती कोरी जागा बघितलीच नाही. त्यामुळे सव्विसाव्याला सत्ताविसाव्याचं रक्त मिळालं, सत्ताविसाव्याला अठ्ठाविसाव्याचं, आणि असंच पुढे. शेवटच्या एकशे चौदाव्याला रक्तच उरलं नाही, तोच रजेवर होता असं वहीत पडलं. एकतिसाव्या तंतोपंतांच्या अंगात बत्तिसाव्या पंपचालकाचं रक्त पंधरा वर्षं वाहत होतं.

वहीतलं अक्षर सुवाच्य, टपोरं आणि डौलदार होतं. वेलांट्या एका उंचीच्या होत्या. नोकरीला लागून तेव्हा चौथाच दिवस झालेला असताना तंतोपंतांनी ते स्वतः लिहिलं होतं.

त्यांनी वही मिटली. गठ्ठा होता तसा बांधला. त्याला वाळवी लागायला किती वर्षं लागतील याचा मनातल्या मनात अंदाजही घेतला. त्या दिवशी घरी जेवताना ते दोनदा पाणी मागून दोनदा प्यायचं विसरले. बायकोनं विचारल्यावर सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की कुणाला कळायचं कारण नाही.

बायकोनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "त्या यादीत आणखी कुणाची तरी बायको असेल. तिलाही डॉक्टरांनी विचारलं असेल, नवऱ्याचा गट काय?"

तंतोपंतांना रात्री झोप चांगली लागली नाही, पण सकाळी ते लवकर निघाले. अधीक्षकांसमोर वही उघडून त्यांनी स्वतःचं अक्षर स्वतःच्या बोटानं दाखवलं. एका माणसाचं रक्त बदलता येत नव्हतं. पण एकोणनव्वद जणांचं म्हटल्यावर तो धोरणात्मक विषय झाला, आणि धोरणात्मक विषय कचेरीत झटपट हलतो, विशेषतः अधीक्षकांचा स्वतःचा क्रमांक एक्केचाळीस असेल तर. प्रयोगशाळेचा तोच तंत्रज्ञ काचा घेऊन आला. अख्खी कचेरी बाह्या सरसावून रांगेत उभी राहिली, आणि रांगेच्या तोंडाशी टेबल टाकून तंतोपंत नावं लिहीत बसले. प्रत्येक नाव लिहून झालं की ते दोनदा वाचून दाखवत होते. कुणी हसलं, कुणी टोमणा मारला. टंकलेखिका म्हणाली की आपल्याला पंधरा वर्षं एवढा राग का यायचा हे आज कळलं, दुसऱ्याचं रक्त होतं. तंतोपंत पुढचं नाव लिहीत राहिले.

पंपचालक आला तेव्हा मात्र त्यांनी लेखणी खाली ठेवली. हा माणूस मितभाषी होता. त्यानं हात पुढे केला नाही, म्हणाला, "माझं ओ निगेटिव्ह आहे. रक्तपेढीत वर्षातून तीनदा देतो ना. कार्ड चुकलंय हे मी तुम्हाला सांगायलाही आलो होतो."

"मला? कधी?"

"दहा वर्षं झाली. तुम्ही म्हणालात, नोंद तंतोतंत आहे, तुमचंच रक्त तपासून घ्या."

तंतोपंत उठून उभे राहिले. त्यांनी पंपचालकाला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि त्याच्यासाठी चहा आणायला स्वतः गेले. त्या दिवसानंतर जिन्याजवळच्या फळ्यावर पहिलं नाव पंपचालकाचं आलं. ते तंतोपंतांनीच लिहिलं.

सातवा महिना लागला. इंजेक्शन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या औषधांच्या दुकानात मिळालं. ते थंड ठेवायचं होतं, म्हणून तंतोपंतांनी थर्मासमध्ये बर्फ घालून, थर्मास टॉवेलमध्ये गुंडाळून, टॉवेल छातीशी धरून बसमधून आणलं. बसमधल्या एका बाईंनी त्या गाठोड्याला बाळ समजून त्यांना जागा दिली, आणि त्यांनीही ती घेतली. डॉक्टरीणबाईंकडे दुसऱ्या सकाळी जायचं होतं. घरचा फ्रीज नेमका त्याच दिवशी बंद पडला होता, म्हणून इंजेक्शन समोरच्या काकूंकडे ठेवलं. काकूंचा पॉझिटिव्हबद्दलचा गैरसमज एव्हाना दूर झाला होता आणि त्यांना प्रायश्चित्त घ्यायचं होतं. नुसत्या थंडीनं काय होणार, म्हणून त्यांनी ते बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. सकाळी त्याचा दगड झाला होता. गोठलेलं इंजेक्शन चालत नाही. तंतोपंत काकूंना काही बोलले नाहीत. अलीकडे दुसऱ्याच्या चुकीवर त्यांना बोलायला जमत नव्हतं. ते पुन्हा बसमध्ये बसले, नवं इंजेक्शन घेतलं, पुन्हा थर्मास छातीशी धरला, आणि या वेळी थेट डॉक्टरीणबाईंच्या दारात उतरले. इंजेक्शन टोचून झालं तेव्हा बायको म्हणाली की मुंगी चावली तेवढंच वाटलं.

नवव्या महिन्यात तंतोपंतांची आई आली. ती दूर स्वतःच्या थोरल्या बहिणीकडे राहायची, फार बोलायची नाही आणि रुग्णालयाच्या पायरीला शक्यतो पाय लावायची नाही. सूनबाई आणि तंतोपंतांबरोबर मात्र ती शेवटच्या तपासणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी सहज इंजेक्शनचा विषय काढला, दुसरं बाळंतपणानंतर लगेच द्यायचं म्हणाल्या, आणि ते न दिलं तर पुढच्या बाळाला काय होतं तेही सांगितलं. बाळ जन्मतःच फिकट असतं, नाहीतर पहिल्या-दुसऱ्या दिवशी पिवळं पडायला लागतं.

आईनं विचारलं, "आधी डोळे पिवळे होतात का?"

बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. होतात, म्हणाल्या.

मग आईनं सांगितलं. तंतोपंत पहिले. त्यांच्या पाठीवर दोघं झाली, एक मुलगा, एक मुलगी. मुलगा दुसऱ्या दिवशी पिवळा पडला आणि चौथ्या दिवशी गेला. मुलीच्या वेळी तिनं दोन दिवस डोळ्याला डोळा लावला नाही. तिसऱ्या दुपारी क्षणभर झापड आली, जागी झाली तर मुलीचे डोळे हळदीसारखे. सासू म्हणायची, जड बादल्या उचलल्यास. नणंद म्हणायची, पाळणा उघडा ठेवलास. आईनं स्वतः मनाशी धरलं होतं की आपण झोपलो. हे तिनं चाळीस वर्षांत मुलाला कधी सांगितलं नव्हतं. आपल्या पाठीवर दोघं झाली आणि राहिली नाहीत, एवढंच तंतोपंतांना माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे आईचं रक्त तपासायला पाठवलं. त्याच तंत्रज्ञानं काच हलवली. तिसरा थेंब होता तसाच राहिला, फाटला नाही. निगेटिव्ह.

बाईंनी आईचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "आजी, तुमचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा हे इंजेक्शनच तुमच्यापर्यंत पोचलं नव्हतं."

आईनं मान हलवली. पदरानं चष्मा पुसला. बाहेर आल्यावर तंतोपंतांनी तिचा दंड धरला, एरवी ती झटकायची, त्या दिवशी तिनं झटकलं नाही. बसची वाट बघताना मात्र ती एकदा म्हणाली की बादल्या तशा जड होत्याच, पण त्या सगळ्याच बायका उचलायच्या.

त्यानंतर नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मुलगी झाली. तंतोपंतांनी परिचारिकेला मुलीचं वजन आणि वेळ तीनदा विचारली, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण लिहून घेत नाही आहोत, नुसतं ऐकायला बरं वाटतंय म्हणून विचारतोय. मुलीचं रक्त बापासारखं बी पॉझिटिव्ह निघालं. तंतोपंतांना आपल्या साध्या रक्ताचा आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला. दुसरं इंजेक्शन या वेळी रुग्णालयातच होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला टोचलं, बहात्तरातले चोवीस तासही पुरते झाले नव्हते. समोरच्या काकू विणलेलं टोपडं घेऊन आल्या. ते कंपाउंडरकाकांच्या डोक्याला बसेल एवढं होतं, पण मुलगी वाढेल, असं काकूंचं म्हणणं पडलं.

आई मुलीजवळून हलली नाही. पहिला दिवस बसून, दुसरा दिवस बसून. चहा दिला तर कप हातात गार व्हायचा. तिला घरी जाऊन पड म्हटलं की ती ऐकू न आल्यासारखं करायची. बायकोनं तंतोपंतांना खुणेनं सांगितलं, राहू द्या.

तिसऱ्या दुपारी डॉक्टरीणबाई येऊन मुलीला तपासून गेल्या, सगळं छान आहे म्हणाल्या. त्या गेल्यावर आई उठली. तिनं मुलीला उचललं आणि खिडकीशी नेलं, जिथे ऊन थेट येत होतं. अंगठ्यानं मुलीच्या नाकाचा शेंडा हलकेच दाबला आणि सोडला, खालची कातडी पिवळी दिसत नाही ना ते पाहिलं. मग ती मुलीनं डोळे उघडायची वाट बघत उभी राहिली. बराच वेळ गेला. मुलगी एकदाची चिडली आणि तिनं डोळे उघडले.

"पांढरे आहेत," आई म्हणाली.

तंतोपंत जवळ गेले. पांढरेशुभ्र होते, कडेला थोडे निळसर.

बायको तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसली होती. आईनं मुलीला तिच्या मांडीवर दिलं, सुटलेली टोपी सारखी केली आणि समोर सुनेचा रिकामा झालेला पलंग बघितला. थोडी पाठ टेकते, म्हणाली, आणि पडल्या पडल्या घोरायला लागली.

चार वाजता पाळी बदलून नवी परिचारिका आली. तिनं पलंगावर झोपलेल्या बाईंचा दंड उघडा करून रक्तदाब मोजला, नाडी पाहिली, तक्त्यावर लिहिलं, आणि बाळंतिणीचे पिकलेले केस बघून क्षणभर तंतोपंतांकडे फार आदरानं पाहिलं. तंतोपंत तोंड उघडणार होते, पण बायकोनं ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा ते आईच्या पायांवर पांघरूण ओढून देऊन शेजारच्या स्टुलावर बसले, आणि त्या नोंदीबद्दल कुणाला काही बोलले नाहीत.